खुराकातला डोनट

प्रश्न : काकू, आम्ही शिवाजी पेठेत राहतो. धाकटा सोळा वर्षांचा आहे, पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळतो. पहाटे साडेपाचला मैदानावर जातो आणि परत आला की बेकरीतला चॉकलेट डोनटच हवा म्हणून बसतो. थोरला जिमला जातो, त्याचा व्हे प्रोटीनचा डबा घरात आहे. मोबाईलवर बघून मी अर्ध्या मैद्याऐवजी ती पावडर घातली आणि डोनट ओव्हनमध्ये भाजले. दिसायला सुंदर झाले, पण चावायला रबर आणि घशाला कोरडे. पोरानं एक घास खाऊन बाजूला ठेवला. माझं काय चुकलं? आणि या वयात ही पावडर चालते का? साचा आहे, घरात अंडं चालतं, फक्त सासूबाई खात नाहीत.
— एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, तुमचं चुकलं ते फक्त पावडरीचं माप. ओव्हनला किंवा तुमच्या हाताला दोष देऊ नका. हीच चूक मी भाचीच्या वाढदिवसाला केली होती. दोन तास खपून केलेले बारा डोनट तसेच ताटात राहिले, तेव्हा मला रडू आलं होतं. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर आधी तुम्हालाच उत्तर लिहायला घेतलं.

व्हे म्हणजे पनीर केल्यावर खाली जे पाणी उरतं, त्यातलं प्रथिन. आपण त्या पाण्यात कणीक मळतो, कंपन्या ते गाळून, वाळवून त्याची पावडर करतात. हे प्रथिन सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढं तापलं की आवळून येतं आणि धरलेलं पाणी सोडतं. अंडं जास्त वेळ उकडलं की पांढरं कसं चिवट होतं, अगदी तसंच. त्यात तुम्ही निम्मा मैदा काढून घेतला, म्हणजे पाणी धरून ठेवणारा पिष्टही निम्मा गेला. मग डोनट चिवटही होणार आणि कोरडाही. पावडर घालायचीच असेल तर एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ नका. त्याच्या पुढं कुठलीही पाककृती माझ्या हातून नीट झालेली नाही.

पण ताई, मला तुम्हाला पावडरीपासून थोडं लांबच न्यायचंय. माझे वडील तालमीत जायचे. खुराकाचं सगळं आईकडं होतं. भिजवलेले बदाम ती मोजून घ्यायची, पंचवीस म्हणजे पंचवीस. खसखस, बडीशेप घालून कुंडीत घोटायची. संध्याकाळी वडील गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध पिऊन यायचे. कसरत कमी झाली की आई खुराकही कमी करायची, वडिलांनी कितीही मागितला तरी. खुराक भुकेवर नाही, मेहनतीवर ठरतो, हे मी तिच्याकडं शिकले. तुमच्या पोराचा डोनट मला त्या खुराकात बसवायचाय. म्हणजे त्यात खरं अन्न हवं आणि तो मापात हवा.

आता मापाचंच बोलू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०२० साली जी प्रमाणं दिली, त्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तुमच्या घरचं धरा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. दोन पेले दूध म्हणजे १४. चार चपात्यांचे १२ तरी होतात, वाटीभर मटकीच्या उसळीचे सात-आठ. इथंच पंचेचाळीसच्या पुढं गेलो. डाळ, दही, शेंगदाण्याची चटणी अजून मोजलीच नाही आणि बुधवार-रविवारचं मटण तर बाजूलाच राहिलं. याच परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. वाढत्या पोराला जेवण मिळत असताना डब्याची गरज नाही, हे माझं ठाम मत. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो डबा उघडूसुद्धा नये. थोरला घेत असेल तर डबा सीलबंद आणि ओळखीच्या दुकानातून घेतलाय ना, एवढं बघा.

तर प्रथिनं आणायची कुठून? माझं उत्तर आहे डाळं आणि चक्का. चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं देतं. गव्हाचं पीठ दहा-बाराच्या आसपास. बेसन पण चालेल असं वाटेल, पण कच्चं बेसन चॉकलेटच्या मागून डोकं वर काढतं आणि जिभेवर कच्चट चव राहते. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्याचा खमंगपणा कोकोत मिसळून जातो. मिक्सरला फिरवा आणि मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. एकदा चाळलेलं दाताखाली रवाळ लागतं.

चक्क्याचं काम वेगळं. दह्यातलं मुख्य प्रथिन केसीन, ते व्हेसारखं उष्णतेनं आवळत नाही. विरजतानाच त्याची जाळी तयार झालेली असते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. म्हणून चक्क्याचा डोनट दुसऱ्या दिवशीही मऊ असतो. श्रीखंडाला बांधतो तसं दही रात्री फडक्यात टांगून ठेवा. फार आंबट नको.

दहा डोनटना हे माप घ्या. गव्हाचं पीठ ८० ग्रॅम, डाळ्याचं पीठ ५० ग्रॅम, बिनसाखरेचा कोको २५ ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम, दोन अंडी, चाळलेली गूळ पावडर ८० ग्रॅम, नुसत्या भाजलेल्या शेंगदाण्यांचं तेल सुटेपर्यंत वाटलेलं लोणी ३० ग्रॅम, दूध ८० मिलिलिटर, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. आणि ताई, वजनकाटा घ्या. वाटीनं मोजलेलं पीठ दाबून भरलं की वीस ग्रॅमनं सहज वाढतं, आणि एवढ्या लहान मापाला वीस ग्रॅम फार झाले.

कोको कोरडा घालू नका. दूध कडकडीत तापवून त्यात कोको कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम द्रवात कोको फुलतो, त्याचा वास आणि रंग दोन्ही मोकळे होतात. ही एकच गोष्ट केली तरी घरच्या डोनटला बेकरीची चव येते. हे मिश्रण कोमट झाल्यावरच गूळ घाला. कडक दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हे गुळाचा चहा करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. मग चक्का, शेंगदाण्याचं लोणी आणि अंडी घालून एकजीव करा.

कोकोचा डबा घेताना मागची बाजू वाचा. साधा कोको आंबट असतो, तो सोड्याबरोबर फुगतो. 'अल्कलाइज्ड' लिहिलेल्या कोकोचा आंबटपणा क्षार घालून मारलेला असतो. हॉलंडमधल्या व्हॅन हौटेन घराण्याची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती, म्हणून त्याला डच कोको म्हणतात. तो रंगाला गडद, चवीला मवाळ. आपल्या पिठात चक्का आणि गूळ आंबटपणा देतातच, त्यामुळं दोन्ही चालतात. नुसतं दूध-साखरेचं पीठ असतं तर डच कोकोबरोबर सोडा वाया गेला असता आणि साबणासारखी चव आली असती.

कोरडी पिठं, सोडा, पावडर, मीठ एकत्र चाळून ओल्या मिश्रणात घाला आणि उलथन्यानं दहा-बारा वेळा फिरवून थांबा. पीठ दिसेनासं झालं की पुरे. फेटत बसलात तर गव्हाचा चिकटपणा जागा होतो आणि पुन्हा तोच चिवट डोनट. आता वेळ घालवू नका. चक्का आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात. ओव्हन आधीच १८० अंशांवर दहा मिनिटं तापलेला हवा, साचा तुपानं पुसलेला हवा. पीठ पिशवीत भरून कोपरा कापा आणि साच्यात दोनतृतीयांशच भरा. जास्त भरलंत तर मधलं भोक बुजतं. ते भोक शोभेसाठी नसतं, मेदूवड्याला असतं त्याच कारणानं असतं. मध्य आणि कड एकाच वेळी शिजावी म्हणून.

दहाव्या मिनिटाला काडी घालून बघा. दोन-चार ओलसर कण चिकटले तर काढा, आतली ऊब उरलेलं शिजवते. काडी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. माझ्या ओव्हनचा काटा १८० दाखवतो आणि आत ठेवलेला थर्मामीटर २०० च्या जवळ असतो. मला हे चार वर्षांनी कळलं. तुमचाही एकदा तपासून घ्या.

एका डोनटमध्ये साधारण ६ ग्रॅम प्रथिनं येतात आणि १३०-१४० कॅलरी. थोरल्याला जास्त हवं असेल तर ३० ग्रॅम गव्हाच्या पिठाऐवजी एक स्कूप पावडर घाला आणि दूध दोन चमचे वाढवा, मग आठच्या आसपास जातील. पावडर बिनचवीची घ्या. व्हॅनिलाच्या पावडरीतली गोडी गुळावर बसते आणि सगळं नुसतं गोडमिट्ट लागतं. धाकट्याला सरावानंतर दोन डोनट आणि पेलाभर दूध दिलंत तर १९ ग्रॅम झाले. ती न्याहारी पुरेशी आहे, त्यावर तिसरा डोनट नको.

सासूबाईंसाठी अंडी वगळून चक्का ६० ग्रॅम वाढवा आणि एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. थोडे दाट होतात, चवीला कमी नाहीत. वरून लावायला चक्क्यात कोको आणि गूळ पावडर घोटून घ्या, चॉकलेट वितळवायची गरज नाही. मात्र खातानाच लावा.

एक खरं सांगून ठेवते. बेकरीतला डोनट यीस्टनं फुगवून तळलेला असतो, त्याचं आतलं जाळं पावासारखं लुसलुशीत असतं. भाजलेला डोनट केकच्या जातीचा. पोराला आधीच सांगा की हा वेगळा पदार्थ आहे. त्याची तुलना करत खाल्ला तर आवडणार नाही, नवा म्हणून खाल्ला तर नक्की मागेल.

प्रश्न : काकू, मला साखरेचा त्रास आहे. साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ घालून डोनट केले तर मला चालतील ना?
— एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : भाऊ, नाही चालणार. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मला त्याचा अभिमान आहे आणि माझ्या घरात साखरेपेक्षा गूळच जास्त लागतो. पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच. रक्तात ती साखरेसारखीच चढते. डोनटमध्ये मी गूळ घालते तो वासासाठी, आणि तो ओल धरून ठेवतो म्हणून. वरच्या मापात एका डोनटला आठ ग्रॅम गूळ पडतो, शिवाय पिठं आहेत ती वेगळीच. तुमच्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या जेवणात ते बसतं का, हे त्यांनाच विचारा. ज्यांना त्रास नाही त्यांनी गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नये. तो रंग बरेचदा गुऱ्हाळात घातलेल्या रसायनाचा असतो. चॉकलेटला काळपट गूळच शोभतो.

प्रश्न : काकू, मी विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहते. ओव्हन नाही, साचा नाही, एक गॅस आणि आईनं दिलेलं आप्पेपात्र आहे. डोनट होतील का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : होतील, बाळा. भोकाचे नाही, भोकातले होतील. डोनटच्या मधून कापून निघालेले गोळे बाहेर वेगळे विकतात, तेच समज. वरचं माप निम्मं घे. आप्पेपात्र मंद आचेवर तापव, प्रत्येक खळगीत थेंबभर तेल फिरव, पाऊण भर आणि झाकण ठेव. चार मिनिटांनी काडीनं उलट आणि पुढची तीन मिनिटं झाकण न ठेवता ठेव. गूळ असल्यामुळं आच जरा वाढली की खालून करपतं, म्हणून पहिला घाणा दोन-तीन खळग्यांचाच काढून बघ. मधल्या खळगीला जास्त आच लागते, तिच्यातला आधी उलट.

खोलीत फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपव. चक्का आहे, पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी वास येतो. फ्रिज असला तर दोन दिवस राहतात, खाताना तव्यावर झाकून मिनिटभर गरम कर. आणि चक्का बांधायला जागा नसेल तर दही चहाच्या गाळणीत फडकं घालून पातेल्यावर रात्रभर ठेव. खाली जे पाणी पडेल ते टाकू नकोस, सकाळच्या चपातीच्या कणकेत घाल.