घोले रोडचा ‘घ’ आणि ‘नाइट’मधला जी-एच

प्रश्न पाचवीतल्या एका मुलाचा आहे, त्याच्या आईने तो माझ्याकडे पोचवला. पुण्यातल्या घोले रोडच्या इंग्रजी पाटीवर जी-एच असलं की ‘घ’ वाचायचा, घोरपडी या भागाच्या पाटीवरही तसंच. मग ‘नाइट’, ‘लाइट’, ‘डॉटर’ या शब्दांतला जी-एच जातो कुठे? आणि ‘टफ’, ‘कॉफ’मध्ये त्याचाच ‘फ’ कसा होतो? शाळेत त्याला सांगितलं, “ते सायलेंट असतं, पाठ कर.” तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही, याचा मला फार आनंद वाटला.

ताई, त्याला आधी हे सांगा, की ही अक्षरं मुळात मुकी नव्हती. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज माणूस ‘नाइट’ म्हणत नसे, ‘निख़्त’च्या जवळपास काहीतरी म्हणे. ‘ख़बर’ हा शब्द उर्दू बोलणारे घसा घासून उच्चारतात, तसा तो ख़. तेव्हा तो नुसत्या एचने लिहीत. १०६६मध्ये इंग्लंडवर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांची राजवट आली, लेखनिकांच्या सवयी बदलल्या आणि पुढे हळूहळू या आवाजासाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. आपला ‘घ’ लिहायला तीच जोडी पुढे वापरली गेली, पण घोरपडीचा जी-एच आणि ‘नाइट’चा जी-एच यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

मग तो घशातला आवाजच इंग्रजांच्या बोलण्यातून गेला. ‘त’च्या आधी तो बहुधा विरून गेला: नाइट, लाइट, थॉट. शब्दाच्या शेवटी कुठे विरला, तर कुठे त्याचा ‘फ’ झाला: रफ, टफ, इनफ, लाफ. घशातून ओठांवर एवढी उडी कशी, असं वाटेल. पण हे दोन्ही आवाज हवा घासूनच निघतात आणि कानाला जवळचे वाटतात. डच भाषेत नेमकी उलटी उडी दिसते. हवेला जर्मन माणूस ‘लुफ्ट’ म्हणतो, डच ‘लुख़्त’ म्हणतो.

याच सुमाराला स्वरही सरकत होते, आणि प्रत्येक शब्दात सारखे सरकले नाहीत. त्यामुळे ओ-यू-जी-एच या चार अक्षरांची ही दशा झाली: ‘दो’ (मळलेलं पीठ) यात ओ, ‘थ्रू’मध्ये ऊ, ‘टफ’मध्ये अफ, ‘कॉफ’मध्ये ऑफ, ‘प्लाउ’मध्ये आउ, ‘थॉट’मध्ये नुसता ऑ, ‘थरो’च्या (म्हणजे कसून केलेलं) ब्रिटिश उच्चारात शेवटी जेमतेम अ. लंडनजवळचं एक गाव ‘स्लाउ’, आणि सापाने कात टाकणं म्हणजे ‘स्लफ’. दोन्हींचं स्पेलिंग अक्षरशः एकच.

बोलणं बदललं तर लिहिणं का नाही बदललं? विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, आणि उच्चार मात्र त्यानंतरही दोन-अडीचशे वर्षं बदलत राहिले. कॅक्स्टन आधी बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला होता. ‘घोस्ट’मधला एच तिकडच्या फ्लेमिश लेखनाच्या वळणाने आला. जुन्या इंग्रजीत त्या शब्दात एच नव्हताच.

आपल्याकडे असं झालंच नाही असं समजू नका. घरात आजोबांची पुस्तकं असतील तर त्यांतलं मुखपृष्ठाच्या आतलं पान मुलाला दाखवा. तिथे ‘पुणें’ छापलेलं असेल, ण्यावर अनुस्वार देऊन. नांव, गांव, पांच, केळें हेही तसेच. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. ‘पञ्च’मधला ञ, ‘ग्राम’मधला म यांची ती उरलेली खूण होती, कोकणीत आणि चित्पावनी बोलीत तो नाकातला स्वर अजून ऐकू येतो. स्कॉटलंडमध्येही कुणी कुणी आजही ‘निख़्त’ म्हणतं, ते याच जातीचं. आपण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसले, इंग्रजांनी जी-एच ठेवला. लिहिणाऱ्या मुलांचे कष्ट आपण वाचवले हे मला पटतं; तरी ‘पुणें’ पाहिलं की मी थांबतो, कारण त्या टिंबात शब्दाचं नपुंसकलिंग आणि त्याचा जुना आवाज दोन्ही आहेत.

मुलाला एक सावधगिरीची गोष्टही सांगा. सगळेच जी-एच खरे नाहीत. ‘डिलाइट’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्यात जी-एच नव्हता; ‘लाइट’च्या नादाने तो घुसला. ‘हॉटी’, म्हणजे गर्विष्ठ, त्यातलाही असाच मागाहून चिकटलेला. ‘हिकप’चं एक स्पेलिंग तर खोकल्याच्या ‘कॉफ’शी नातं लावून केलेलं आहे. उचकीचा खोकल्याशी संबंध नाही, पण लोकांना तो वाटला.

खरे कसे ओळखायचे? मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला लागलो तेव्हा हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि त्या दिवशी घरी येईपर्यंत मी जोड्याच लावत होतो. नाइटला जर्मनमध्ये ‘नाख़्ट’, एटला ‘आख़्ट’, लाफला ‘लाख़ेन’, डॉटरला ‘टोख़्टर’. इंग्रजीतल्या जी-एचच्या जागी तिथे तो ख़ अजून जिवंत आहे. त्याहून जवळची जोडी आपल्या घरात आहे. श्रावणात दिवसभर उपास करून रात्री जेवतात, त्याला ‘नक्त’ म्हणतात. ते ‘नक्त’ आणि ‘नाइट’ एकाच मुळाचे; क जिथे आहे तिथेच इंग्रजीचा जी-एच आहे. आणि ‘डॉटर’च्या स्पेलिंगवर बोट ठेवून मुलाला संस्कृतातलं ‘दुहिता’ म्हणायला सांगा. द, मग ह, मग त. त्या ‘ह’च्या जागी जी-एच बसलेला त्याला स्वतःलाच सापडेल.