प्रथिनांच्या स्फटिकांसाठी गणित हवे का?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी अकरावीत असून प्रथिनांच्या स्फटिकांवर अतिजलद क्ष-किरण टाकून संशोधन करण्याचे तिच्या मनात आहे, क्लासमध्ये मात्र ‘गणित सोडा, नीटकडे लक्ष द्या’ असा सल्ला मिळाला, असे आपण कोथरूडहून लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे: गणित सोडू नये.

कारण या कामातच दडलेले आहे. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की डिटेक्टरवर रेणूचे चित्र उमटत नाही, नुसते ठिपके उमटतात, आणि त्यांच्या तीव्रतेवरून अणूंच्या जागा शोधून काढणे हे सर्वस्वी गणिताचे काम आहे. शिवाय हेच किरण स्फटिकाची नासधूसही करतात. त्यावर तोडगा असा, की किरणांचा स्पंद, म्हणजे एकेक झोत, इतका अल्पकाळ ठेवायचा, की रेणू विस्कटण्याआधी ठिपके नोंदले जावेत. ५० फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) अशा स्पंदात प्रकाशसुद्धा जेमतेम १५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी अंतर जातो. प्रत्येक स्फटिक एकदाच कामी येत असल्याने हजारो सूक्ष्म स्फटिक द्रवाच्या बारीक धारेतून किरणांसमोर सोडावे लागतात. असे स्पंद देणारी यंत्रे किलोमीटरच्या मापात मोजावी लागतात; अमेरिकेतील स्टॅनफर्डचे २००९ मध्ये आणि जर्मनीतील हॅम्बुर्गजवळचे २०१७ मध्ये सुरू झाले. प्रखर लेसर धातूवर रोखून टेबलावर मावेल असा क्ष-किरणांचा स्रोतही करता येतो, परंतु त्याचा झोत बराच क्षीण असतो, आणि प्रथिनांसाठी तीच मोठी अडचण आहे.

पाषाणच्या आयसरचा, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा, विचार जरूर करावा. तेथील प्रवेशपरीक्षेत ६० प्रश्न असतात, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५. गणित सोडणे म्हणजे पाव पेपरावर पाणी सोडणे. (क्लासवाल्यांना हे ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटते.) भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करूनही या क्षेत्रात येता येते.

जीवशास्त्रही ठेवावे. तरी दोहोंपैकी एकच ठेवणे भाग पडले, तर गणित ठेवावे. पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी आणि अमेरिकेत त्यातच पीएच.डी. घेतली, आणि जीवशास्त्राकडे ते त्यानंतर वळले.

कमाईबद्दल आपण विचारले आहे. आयसरमधील बी.एस.-एम.एस. या जोडपदवीची पाच वर्षे आणि त्यापुढे पीएच.डी.ची साधारण तितकीच धरून चालावे, पीएच.डी.च्या सुरुवातीला नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, घरभाडेभत्ता वेगळा.