गाडीतलं काहीच कळत नाही. नागपुरात घरच्या घरी कार मेकॅनिकचं काम शिकता येईल का?

येईल, पण इंजिन उघडण्यापासून सुरुवात करू नका. आधी गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल वाचा. बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ते पिशवीतच पडून असतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून मी बॅटरी आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) यांपासूनच शिकलो. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, पांढरी-हिरवी भुकटी दिसली की इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडा, लावताना ती शेवटी. कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो. मी एकदा उलटं केलं होतं; ठिणगी अशी उडाली की पाना हातातून सुटून थेट अंगणात! साध्या मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बंद गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीतही आकडा १२ वरच अडकला तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाकडे. एवढं कळलं तरी गॅरेजवाला उगाच नवी बॅटरी गळ्यात मारू शकत नाही.

कूलंट गार करणाऱ्या रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

ऑइल, एअर फिल्टर, स्टेपनी एकेका रविवारी जमतं. ब्रेक मात्र ओळखीच्या मिस्त्रीजवळ बसूनच शिका. चहा पाजला की भाऊ सगळं दाखवतो. धंदाच करायचा असेल तर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा कोर्स आहे.