दमून पडण्याआधीच अधूनमधून सुट्टी घ्यावी का? की तो आळस ठरतो? आणि साहेब काय म्हणतील?

घ्यावी. आळसबिळस काही नाही. आणि "साहेब काय म्हणतील" असं जे पुढे विचारलंय, तर म्हणतील काहीतरी. म्हणू देत.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. ऑर्डरचा मारा होता तेव्हा आमचा एक मुरलेला सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर रोज डबल शिफ्ट मारत होता. त्याला पैशांची गरज, साहेबांना मालाची. एका रात्री त्याने जॉब (मशीनवरचा भाग) मायक्रोमीटरने मोजताना 18.98 मिलिमीटरचं बरोबर माप 19.48 वाचलं. थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरती नळी, 48 वर असलं की 19 ची रेघ काठाशी नुसती डोकावते. ताजा माणूस थांबून बघतो, पेंगुळलेला 19 धरून मोकळा होतो. जॉब जाड समजून त्याने अर्ध्या मिलिमीटरचा ऑफसेट दिला, म्हणजे मशीनला तेवढं जास्त कापायला लावलं. पुढचा जॉब खरा 18.48, तो त्याच चुकीने 18.98 वाचला. म्हणजे त्याच्या लेखी सगळं बरोबर! सकाळी बिन भरून अंडरसाइझ, मापापेक्षा बारीक माल. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. मेमो त्याला मिळाला. डबल लावणाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी रजा महिन्याच्या सुरुवातीलाच टाकून ठेवते. फोन घरी, सकाळी पांडवलेणी, उतरल्यावर मिसळ, दुपारी ताणून झोप. साहेबांचं तोंड वाकडं होतं, पण रजा मंजूर होते.

माझा थोरला भाऊ दिंडोरीकडे द्राक्षबाग करतो. त्याचं पालुपद ठरलेलं, "आम्हाला कुठला आलाय रविवार? ही तुम्हा नोकरदारांची थेरं." तो रविवारही कुणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा 10 जून 1890 ला मिळाला. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35-40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय. दादाला असल्या आकड्यांचं काही नाही. पण दादा, माल निघाल्यावर एप्रिलच्या खरड छाटणीआधी तू वेलीला विश्रांती देतोसच ना? नाही दिली तर फूट एकसारखी निघत नाही, हे तूच मला शिकवलंस.

हां, ठेक्यावर असाल आणि रजेला पगार कापला जात असेल तर माझं बोलणं सोपं आहे. निदान सलग डबल घेऊ नका. आणि सुट्टी घेऊनही झोपच लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, डोंगरावर नको.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी रोगापायी रात्री फवारणी काढावी लागते, तेव्हा सुट्टी नाही, मान्य. पण चैत्रात बाग रिकामी असते आणि वहिनी केव्हाची सप्तशृंगी गडावर जाऊ म्हणतेय. दिंडोरीहून वणी ते काय लांब?