५०० वॅटच्या ड्रायरमध्ये संत्र्याच्या चकत्या १० तास वाळवल्या तर खरंच ५ युनिट जळतात का, घरी कसं मोजायचं?

नाही, ५ युनिट म्हणजे जास्तीत जास्त, थर्मोस्टॅटवाली मशीन असेल तर त्यापेक्षा कमीच जळतात कारण आतली हवा सेट केलेल्या ६० डिग्रीला पोचली की हीटर टक करून बंद होतो आणि थंड झाली की परत चालू. मोजायला घरचं डिजिटल मीटर पुरतं, एका युनिटला लाल लाइट किती वेळा लुकलुकतो ते त्यावर छापलेलं असतं, आमच्यावर ३२०० आहे. फ्रिज, इन्व्हर्टर (हा चार्जिंगला वीज खातो, हमखास विसरतो आपण), सगळं बंद करून फक्त ड्रायर लावा आणि हीटर चालू असताना एक मिनिट लाइट मोजा. २७ वेळा लुकलुकला तर २७ × ६० ÷ ३२०० = ०.५०६ किलोवॅट, म्हणजे जवळपास ५०६ वॅट, पंख्यासकट. मग अर्ध्या तासात हीटर किती मिनिटं चालू राहतो ते घड्याळ लावून बघा, १८ मिनिटं असेल तर सरासरी ३०० वॅटच, १० तासांचे ३ युनिट. फक्त हे एकट्या पहिल्या तासात मोजून थांबू नका, चकत्या ओल्या असतात तेव्हा हीटर जवळजवळ सलग चालतो, म्हणून सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीनदा मोजा. आणि व्होल्टेज २१० पर्यंत उतरलं असेल तर ५०० चा हीटर ४१५ च्या आसपासच ओढतो, मशीन खराब आहे असं समजू नका. मे महिन्यात तर नागपुरात गच्चीवर फुकटात वाळतं, पण तेव्हा संत्री कुठे असतात!