कोलकाता ते मुर्शिदाबाद आठवडाभराची गंगा क्रूझ : सत्तरीच्या आई-बाबांना नेण्यासारखी आहे का? पैसे वसूल होतात का?

हो, घेऊन जा. पैसे वसूल होतात. केरळच्या हाऊसबोटीशी तुलना करू नका. तिथे एक रात्र छान जाते, इथे रोज सकाळी वेगळं गाव समोर येतं. पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे : "त्या पट्ट्यात आपल्या लोकांना बघण्यासारखं असं काय आहे?" मी नागपूरची. तिथल्या महाल भागात वाढले, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्या नदीवर आपल्या लोकांना बघण्यासारखं काय आहे, हे मला सांगायचंच आहे.

कोलकात्याहून वर निघालं की पहिले एक-दोन दिवस जुन्या वखारींचे. श्रीरामपूर डेन्मार्कवाल्यांचं होतं, चिनसुरा डचांचं, बंडेलला पोर्तुगिजांचं चर्च, आणि चंदननगर तर १९५० पर्यंत फ्रेंचांकडेच होतं. बहुतेक लोक चंदननगरचा नदीकाठचा रस्ता बघून खूश होतात, तो आहेही देखणा. पण श्रीरामपूरला उतरायला मिळालं तर उतराच. विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी तिथे होते. त्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठीचा शब्दकोश काढला, तोही मोडी अक्षरांत. आपल्याकडे शब्दकोश म्हटलं की मोल्सवर्थचं नाव येतं, केरींचं कुणी काढत नाही.

पुढे काळना. तिथे बर्दवानच्या राजानं १८०९ साली बांधलेली १०८ शिवमंदिरं दोन वर्तुळांत आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. बाहेरच्या वर्तुळात पिंडी एकाआड एक काळ्या-पांढऱ्या, आतल्या सगळ्या पांढऱ्या. समोरच्याच आवारातलं प्रतापेश्वराचं मंदिर मात्र घाईत बघू नका. भाजलेल्या मातीच्या पट्ट्यांवर रामायण, बाजूला वाजंत्री, गलबतं, बायकांच्या वेण्या, सगळं बोटभर उंचीचं. आई-बाबांना तिथे अर्धा तास नुसतं बसू द्या.

नवद्वीप, मायापूर ओलांडलं की नदी पसरते. काठाला मोहरीची पिवळी शेतं, वीटभट्ट्यांची धुराडी, मोटारसायकली आणि बकऱ्या भरून पलीकडे जाणाऱ्या होड्या. शुशुक, म्हणजे गंगेतली डॉल्फिन, दिसते. पाठ वर येते आणि जाते, फोटोच्या नादात ती हुकते. मटियारीला पितळेची भांडी घडवणारं गाव दाखवतात. जुने नळ, कुलपं, फुटक्या घागरी किलोवर विकत घेऊन वितळवतात, त्याचे पत्रे करतात आणि ठोकून कळशा करतात. दहा-बारा घरांतून एकाच वेळी ठोकणं चालू असतं, गल्लीत शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही.

आणि मग येतं काटवा.

आमच्यासोबत माझे भासरे होते, थोरले भाऊजी. संध्याकाळी सगळे वरच्या डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो. डाव्या हाताला अजय नदी येऊन मिळते, तो संगम दिसत होता. बोटीवरचा गाइड मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं सांगायला सुरुवात केली की १७४२ च्या पावसाळ्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर यांची छावणी इथे होती. मघाशी मागे पडलेल्या दाईंहाटला त्यांनी मोठ्या थाटात दुर्गापूजा मांडली होती, आणि ऐन पूजेच्या दिवसांत बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं नदी ओलांडून छापा घातला. तोपर्यंत भाऊजी खुशीत ऐकत होते. आपल्या गावचं नाव इतक्या लांब एका बंगाली मुलाच्या तोंडून येत होतं.

मग त्यानं हात लांब करून दोन्ही काठ दाखवले. म्हणाला, बर्गींचा, म्हणजे मराठा घोडेस्वारांचा, सगळा जोर घोड्यावर. हा पश्चिमेचा काठ त्यांनी जाळला, लुटला. विणकर, शेतकरी, बामण, सगळे पोराबाळांना घेऊन मिळेल त्या होडीत बसले आणि त्या पूर्वेच्या काठाला गेले. मधे हे एवढं पाणी होतं म्हणून वाचले. दहा वर्षं हे चाललं. अजूनही आमच्याकडे पोरांना झोपवताना म्हणतात की बर्गी आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता खंडणी द्यायची कशातून. भाऊजींच्या शेजारी बसलेल्या कोलकात्याच्या एक बाई त्याच्याबरोबर ते गाणं हलक्या आवाजात म्हणायला लागल्या. त्यांना आम्ही कुठले ते ठाऊक नव्हतं.

भाऊजी उठून उभे राहिले. चढ्या आवाजात म्हणाले, "ही सगळी इंग्रजांनी रचलेली कहाणी आहे. बंगालची चौथाई हा आमचा हक्क होता, शाहू महाराजांनी रघूजींना लावून दिलेला. जरा वाचून या." तो मुलगा गप्प झाला. हातातली फाइल मिटली, चहा तयार आहे म्हणाला आणि खाली गेला. त्या बाईंनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

मला प्रचंड राग आला. मी त्या मुलाच्या मागे खाली गेले, चहा घेतला आणि त्याला म्हटलं, राहिलेलं सांग, मला ऐकायचंय. त्यानं सांगितलं. गंगाराम नावाच्या कवीनं या स्वाऱ्यांवर लिहिलेलं 'महाराष्ट्र पुराण' नावाचं बंगाली काव्य आहे, त्याची पोथी १७५१ सालची. त्यात गावं जाळल्याचं, माणसांचे हात-नाक-कान कापल्याचं, बायकांवर झालेल्या अत्याचारांचं वर्णन आहे. आणि न विचारता त्यानं हेही सांगितलं की १७४४ साली बहरामपूरजवळ मनकऱ्याला अलीवर्दीनं भास्करपंतांना बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि वीसेक सरदारांसह कापून काढलं. "तो दगा होता, आमच्याकडेही दगाच म्हणतात," असं तो म्हणाला. भाऊजींना हे ऐकायला मिळालं नाही, कारण ते आधीच उठून उभे राहिले होते.

त्यानंतर मुर्शिदाबादला पोचलो. खुशबागला अलीवर्दीची कबर आहे म्हणून भाऊजी बोटीतून उतरलेच नाहीत. मी गेले. भिंतीनं बंदिस्त केलेली शांत बाग आहे, अलीवर्दी आणि त्याचा नातू नवाब सिराज उद्दौला तिथे आहेत, कबरी साध्या. हजारदुआरी राजवाड्यापेक्षा मला ती जागा जास्त लक्षात राहिली. हजारदुआरी १८३७ सालची, म्हणजे नवाबांच्या हाती काही उरलं नव्हतं तेव्हाची. हजार दारांपैकी शंभर खोटी आहेत. गर्दी तिथेच असते.

हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे. दसऱ्याला सगळे जमलो की निघतोच. भाऊजींचं म्हणणं, आपणच आपल्या लोकांची बदनामी परक्यांत का ऐकून घ्यायची? तुमच्या प्रश्नाच्या निमित्तानं उत्तर इथेच लिहून ठेवते.

इंग्रजांनी रचलं म्हणाल तर ती पोथी प्लासीच्या लढाईच्या, म्हणजे बंगाल इंग्रजांच्या हाती जायच्या, सहा वर्षं आधीची आहे. तेव्हा इंग्रज कोलकात्यात व्यापारी म्हणून बसलेले होते आणि स्वतःच इतके घाबरले होते की शहराभोवती मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणायला घेतला. बागबाजारात आजही मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. बोटीत चढायच्या आदल्या दिवशी आई-बाबांना टॅक्सीनं तिथे न्या, दहा मिनिटांचं काम आहे.

चौथाईचं म्हणाल तर हक्क होता हे खरं. १७५१ च्या तहात बंगालनं वर्षाला बारा लाख कबूल केले आणि ओडिशा नागपूरकरांच्या ताब्यात आला, हेही खरं. पुरीच्या जगन्नाथाची व्यवस्था भोसल्यांनी चांगली ठेवली, तिथले लोक अजून नाव काढतात. हे सगळं मी तीस-तीस मुलांच्या वर्गात अभिमानानं शिकवलं आहे. पण वसुलीचा हक्क कागदावर असला म्हणून गाव जाळलेल्या माणसाच्या नातवंडांनी ते विसरावं, हे कुठलं शास्त्र? औरंगजेबाच्या फौजेनं आपल्या मुलुखात काय केलं ते आपण पानंच्या पानं वाचतो. तेव्हा त्याच्याकडे फर्मान होतं का असं कुणी विचारत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, एवढ्या एका वाक्यात दहा वर्षं संपतात. त्या वाक्यात काय काय मावलं होतं ते मला त्या डेकवर कळलं, कारण दोन्ही काठ एकदम दिसत होते. इकडचा जळणारा, तिकडचा वाचलेला, मधे पाणी. आगगाडीतून किंवा पुस्तकातून हे असं दिसत नाही. म्हणून म्हणते की पैसे वसूल होतात.

रघूजींबद्दल माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. कर्तबगार माणूस होता. पण मला तो सगळा हवाय, अर्धा नको.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा गाइडला आपणहून सांगा की आम्ही महाराष्ट्रातले, काटव्याचं सविस्तर सांगा. बहुतेक गाइड मराठी पर्यटक दिसले की तो भाग गाळतात, आमचा मुलगाच हे म्हणाला. तुमचे बाबा भाऊजींसारखे चटकन तापणारे असतील तर त्यांना आधीच कल्पना द्या, आणि मनकऱ्याची गोष्टही मागून घ्या.

आता आई-बाबांचं. नदी संथ असते, समुद्रासारखं गरगरत वगैरे नाही. बोट रात्री थांबते, झोप नीट लागते. जेवण बेताच्या तिखटाचं, मासे भरपूर, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा. अडचण एकच, गुडघे. बऱ्याच गावांना धक्का नाही. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत, होडीतून फळीवर, फळीवरून चिखलात किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर असा प्रवास असतो. बोटीवरची मुलं हात धरतात, पण ज्यांना घरचा जिना दोनदा चढताना धाप लागते त्यांनी दोन-तीन ठिकाणं बोटीतूनच बघावीत. घाटावरून पुढे ई-रिक्षा मिळते, तिकडे तिला टोटो म्हणतात. खोली घेताना खालच्या मजल्यावरची न घेता जेवणघराच्या मजल्यावरची मागा.

खर्च जास्त आहे, ते नाकारत नाही. या बोटींचे दर परदेशी पाहुणे डोळ्यांपुढे ठेवून लावलेले असतात. जमत नसेल तर हावड्याहून काटवा लोकल धरा. चंदननगर, बंडेल, काळना, नवद्वीप सगळं त्याच मार्गावर आहे, मुक्काम करत करत जाता येतं, आणि काटव्याला फेरीबोटीनं नदी ओलांडा. मधोमध आलात की दोन्ही काठ तिथूनही दिसतील, तिकीट चहाच्या किमतीचं.

आणखी दोन गोष्टी. नदीचं पाणी स्वच्छ वगैरे असेल अशी अपेक्षा ठेवू नका, घाटांवर प्रेतंही जळताना दिसतील; आईंना त्याचा त्रास होणार असेल तर डेकवर त्या वेळी दुसऱ्या बाजूला बसवा. आणि नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरा. डिसेंबर-जानेवारीत हवा सुरेख असते, नलेन गुळाची, म्हणजे खजुरीच्या ताज्या गुळाची, संदेश नावाची मिठाई मिळते, पण धुकं पडलं की बोट सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. परतीचं विमान बोटीतून उतरायच्याच दिवशीचं काढू नका, एक रात्र कोलकात्यात ठेवा.