दक्षिण अमेरिकेचा रस्ता न्हावा-शेवावरून जातो

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधून एका आईचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: ‘मुलगी टीवायबीकॉमला आहे. कॉलेज सांभाळून स्पॅनिश शिकते, ए2 ची, म्हणजे सहातल्या दुसऱ्या पायरीची, परीक्षा पास झाली. तिला भारत आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारं काम करायचंय, व्यापारात किंवा पर्यटनात. तिचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. माझा भाऊ सीएचएच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटाच्या, ऑफिसात आहे. तो म्हणतो, आमच्याकडे ये, जी कार्ड, म्हणजे कस्टममध्ये काम करायचं ओळखपत्र, काढ. ती म्हणते, मला कस्टममध्ये कागदी घोडे नाचवायचे नाहीत. आता एका संस्थेने स्पेनमधला वर्षभराचा कोर्स सुचवलाय. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. काय करावं?’

ताई, नमस्कार.

तुमच्या घरात तीन माणसांची तीन मतं आहेत असं तुम्हाला वाटतंय. पत्र वाचून मला वाटलं, तुमची लेक आणि तिचा मामा एकाच कामाबद्दल बोलताहेत. तिला ते पलीकडच्या टोकाकडून दिसतंय आणि मामाला अलीकडच्या.

देश जोडणं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे दूतावास, परिषदा, हस्तांदोलनाचे फोटो येतात. आपल्या मुंबईचंच एक उदाहरण तिला सांगा. जपानच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता, पण तो नेणाऱ्या बोटी पी अँड ओसारख्या युरोपीय कंपन्यांच्या, आणि त्या म्हणतील ते भाडं. 1893 मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि जपान ते मुंबई अशी नियमित बोटसेवा सुरू झाली. पी अँड ओने भाडी पाडून पाहिली, तरी ही सेवा टिकली. मुंबई आणि जपानचं योकोहामा ही भगिनी शहरं म्हणून जाहीर झाली 1965 मध्ये. म्हणजे गाठोडी आधी गेली, हारतुरे सत्तरेक वर्षांनी.

दक्षिण अमेरिकेचंही असंच आहे, फक्त ते आपल्याला दिसत नाही. वाण्याकडून येणारं सोयाबीन तेल बरंचसं अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. चिलीहून तांब्याचं कॉन्सन्ट्रेट येतं, पेरूहून सोनं. इकडून औषधं, रसायनं, गाड्या, मोटारसायकली जातात. (ब्राझीलच्या कुरणांवर चरणारी नेलोर गुरं मूळची आंध्रातल्या ओंगोल जातीची, आणि तिथल्या दुधाच्या धंद्यात आपल्या गीर गाईचं रक्त आहे. ही माहिती मुलाखतीत कामाला येणार नाही, पण मला ती फार आवडते.) मर्कोसुर या गटातल्या ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे या देशांशी आपला सवलतीचा व्यापार करार 1 जून 2009 पासून लागू आहे. दोन्ही बाजूंनी साडेचारशेच्या आसपास वस्तूंवर सवलत आहे. चिलीशी करार 2007 पासून, आणि 2017 मध्ये तो बराच वाढवला.

आता मामाच्या ऑफिसात चला. करारातली सवलत आपोआप मिळत नाही. माल आपल्याच देशात बनला आहे हे सांगणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. त्यावरचा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक), इन्व्हॉइसवरचा आणि कस्टमला द्यायच्या शिपिंग बिलावरचा जुळावा लागतो. एक आकडा चुकला तर पलीकडचा गिऱ्हाईक पूर्ण ड्युटी भरतो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्या देशाला देतो. दोन सरकारांनी वर्षानुवर्षं बोलणी करून जे मिळवलं, ते सांताक्रूझच्या किंवा नेरूळच्या एखाद्या ऑफिसात संध्याकाळी घाईत टाईप केलेल्या कागदावर टिकतं किंवा जातं. तुमच्या लेकीला जे कागदी घोडे वाटतात, त्यांच्यावर बसूनच माल चिलीला पोचतो.

शिवाय अंतर. न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर दक्षिण अमेरिकेच्या बंदरात पोचायला महिना सहज लागतो. वाटेत जहाज बदललं तर जास्तच. तेवढा काळ कुणाचे तरी पैसे अडकतात. ते कुणाचे, माल बुडाला तर नुकसान कुणाचं, गिऱ्हाईकाने हात वर केले तर काय, हे सगळं सौदा एफओबी आहे (बोटीचं भाडं आणि विमा गिऱ्हाईकाकडे) की सीआयएफ (दोन्ही विकणाऱ्याकडे), एलसी आहे (पैशाची बँकेची हमी) की उधारी, यावर ठरतं. हे तिला वर्गातल्या फळ्यावर समजणार नाही. बँकेने एलसीत खोट काढून परत पाठवलेले कागद हातात आले, की चटकन समजेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात मामाकडे किंवा तसल्याच एखाद्या कस्टम ब्रोकर (सीएचएचंच आताचं नाव) किंवा माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरच्या ऑफिसात करावी. आधी एच कार्डावर, म्हणजे परीक्षेआधीच्या साध्या कार्डावर, मग परीक्षा देऊन जी कार्ड. हे कार्ड म्हणजे जन्मठेप नव्हे. जी कार्डावर दोन वर्षं काम केलेल्या पदवीधराला पुढे ब्रोकरच्या लायसन्सची परीक्षाही देता येते. तिने ती दिलीच पाहिजे असं नाही. पण या ऑफिसातून निघून एक्स्पोर्ट हाऊसच्या डॉक्युमेंटेशनला गेलेली मुलगी आणि नुसती पदवी घेऊन आलेली मुलगी, यांत मॅनेजर कुणाला खुर्ची देतो हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय. पगार सुरुवातीला कमी असेल, हेही आधीच सांगते. आणि मामाला एक सांगा, भाचीला फक्त झेरॉक्स आणि कुरिअरला जुंपू नको.

मग स्पॅनिशचं काय? ते सोडायचं नाही, पण ए2 वर नोकरी मिळत नाही. ए2 वाल्याला हॉटेलात जेवण मागवता येतं. गिऱ्हाईकाचं तक्रारीचं पत्र वाचून त्याच दिवशी उत्तर लिहायचं तर बी2 हवं. डेले ही स्पॅनिशची अधिकृत परीक्षा भारतात देता येते आणि ते प्रमाणपत्र कायमचं असतं. मुंबईतल्या औषध, रसायन, इंजिनिअरिंग कंपन्यांची ‘लॅटॅम’, म्हणजे लॅटिन अमेरिकेची, डेस्क असतात. तिथे इंग्रजीत काम चालतं असं सांगतात, पण कोलंबियातला वितरक फोनवर स्पॅनिशमध्येच रागावतो. औषधांच्या नोंदणीचं काम मात्र बहुतेक बीफार्मवाल्यांना मिळतं. तिने विक्री, ऑर्डर आणि कागदपत्रं या बाजूला पाहावं. आणखी एक, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. त्या खंडातला सगळ्यात मोठा देश स्पॅनिशच्या बाहेर आहे. बी2 झाल्यावर पोर्तुगीज हाती घेतलं तर स्पॅनिश येणाऱ्याला ते लवकर जमतं. मुंबईत अर्जेंटिना आणि ब्राझील या दोघांचीही वाणिज्य दूतावास कार्यालयं आहेत. तिथल्या व्यापारविषयक कार्यक्रमांवर लक्ष ठेवावं.

वेळेचं गणितही आधीच घरात बोलून घ्या. ब्युनोस आयर्समध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. या डेस्कवरची खरी धांदल इथे दिवे लागल्यावर सुरू होते. लोकलने विक्रोळीला रात्री किती वाजता परतणार, हा प्रश्न बाबांना पडणारच. तो आज विचारलेला बरा.

पर्यटनाबद्दल थोडं वेगळं सांगते. मुंबईहून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाही. दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा युरोपमार्गे जावं लागतं. त्यामुळे ही सहल महाग आणि गिऱ्हाईक मोजकं, पण एकदा आलेलं गिऱ्हाईक सगळं नीट विचारतं. आपल्या मराठी टूर कंपन्या माचू पिचू, पॅटागोनिया, अगदी अर्जेंटिनाच्या उश्वायाहून निघणाऱ्या अंटार्क्टिकाच्या बोटीपर्यंत माणसं नेतात. इथे टूर मॅनेजर होऊन झेंडा धरून पुढे चालायचं स्वप्न सगळ्यांना असतं. मी म्हणेन, आधी ऑपरेशन्स किंवा व्हिसा डेस्क. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे जिला ठाऊक असतं ती गिऱ्हाईकाचा खर्च वाचवते. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर इथल्या विमानतळावरून त्याची रवानगी थेट विलगीकरणात होऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठरलेल्या सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आपली मे महिन्याची सुट्टी पेरूच्या कोरड्या मोसमाशी जुळते, पण पॅटागोनियात तेव्हा थंडी सुरू होते. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. असल्या गोष्टींवर सहल तरते.

उलट दिशेने, स्पॅनिश बोलणारे पर्यटक इथे येतात त्यांचा ओघ मुख्यतः दिल्ली-आग्रा-जयपूरकडे असतो. मुंबईत घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दाखवणारी, स्पॅनिश बोलणारी गाईड लागते, पण बारा महिने पोट भरेल इतकी नाही. पर्यटन मंत्रालयाचा ‘अतुल्य भारत’ टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाईन कोर्स तिने हौस म्हणून करावा. त्यावर घर चालवायचा बेत करू नये. माझा कौल व्यापाराकडे आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. व्यापारी वारंवार जातात, सहलीला माणूस तिकडे आयुष्यात एकदाच जातो.

तिच्या बाबांचा बँकेचा हट्ट मला तितकासा चुकीचा वाटत नाही. एलसी आणि निर्यातदारांची बिलं पाहणारा विभाग मोठ्या बँकांत असतो. निर्यातदारांचे पैसे बुडू नयेत म्हणून विमा देणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी मुंबईतलीच आहे. आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या एक्झिम बँकेचं मुख्य कार्यालयही कफ परेडला. दोन्हीकडे अधिकाऱ्यांची भरती निघते. आणि यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून इंडियन ट्रेड सर्व्हिसमध्येही जाता येतं. पुढे एमबीए करायचंच झालं तर आयआयएफटी या परदेशी व्यापार शिकवणाऱ्या संस्थेचं इंटरनॅशनल बिझनेस पाहावं, पण दोनेक वर्षं काम करून मग. तेव्हा वर्गात विचारायला तिच्याकडे प्रश्न असतील.

‘आयईसी कोड काढा आणि महिन्यात एक्स्पोर्टर व्हा’ असं सांगणाऱ्या शनिवार-रविवारच्या कोर्सेसपासून तिला लांब ठेवा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करायला लागणारा क्रमांक, पाचशे रुपये भरून डीजीएफटी या सरकारी परदेशी व्यापार खात्याच्या पोर्टलवर घरबसल्या निघतो आणि तो क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. अवघड असतं ते गिऱ्हाईक मिळवणं आणि त्याच्याकडून पैसे वसूल करणं. ते कोर्सवाले शिकवत नाहीत, कारण त्यातल्या पुष्कळांनी ते कधी केलेलं नसतं.

राहिला स्पेनचा कोर्स. कर्ज काढून आत्ता पाठवू नका. पत्राबरोबर तुम्ही त्या संस्थेचं माहितीपत्रक पाठवलं आहे. त्यात भाषेचे तास आहेत, ‘आंतरराष्ट्रीय व्यवसायाची ओळख’ आहे, पण नोकरीचा परवाना किंवा इंटर्नशिप याबद्दल एक ओळ नाही. शिवाय तिला जायचंय चिलीतल्या सांतियागोला आणि ब्राझीलमधल्या सांव पावलोला, स्पेनच्या माद्रिदला नाही. परीक्षा संपल्यावर जूनपासून तीन महिने मामाच्या ऑफिसात बसवा आणि संध्याकाळी बी1 चा वर्ग सुरू ठेवा. सप्टेंबरमध्ये तिला स्वतःला मला लिहू द्या. दक्षिण अमेरिकेला गेलेलं एखादं शिपमेंट तोवर पाहिलंच असेल, त्यात काय अडलं होतं तेही कळवायला सांगा.